सहाव्या सिलिंडरची भिंत

काटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण इंजिनं खोलणाऱ्या-जोडणाऱ्या मंडळींत वीस वर्षं तो याच नावाने ओळखला जात होता, आणि कारणही तसंच होतं. काहीही एकदा मोजलं की तो ते पुसून घ्यायचा, दुसऱ्यांदा मोजायचा, मग चहा पिऊन तिसऱ्यांदा. त्याच्या मायक्रोमीटरला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे मीठ चवीपुरतं पडत नाही, मोजून पडतं." तो ते हसण्यावारी न्यायचा, पण मनातून सुखावायचा. एवढं नाव कमावलेल्या माणसाची चूक लहानसहान कशी असेल? ती झाली ती त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामात.

ती कळली बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाचा जुना ब्लॉक, म्हणजे सगळे सिलिंडर ज्यात असतात तो सांगाडा, आला होता. त्याचे सिलिंडर किती मोठे करता येतील ते बघायचं, म्हणजे आधी सिलिंडरच्या भिंतींची जाडी बघायची. भिंतीच्या पलीकडे पाणी खेळत असतं, तिथे माप घालता येत नाही. म्हणून काट्याने एका मित्राकडून जाडी मोजायचा मीटर मागून आणला होता. हा मित्र कारखान्यांतल्या पोलादी टाक्या तपासायचा. त्याला सगळे टाकीवाला म्हणत. मीटर हातात मावेल एवढा. भिंतीला टेकवला की तो धातूत आवाज सोडतो, पलीकडच्या बाजूने प्रतिध्वनी किती वेळात परत आला ते बघतो आणि जाडीचा आकडा दाखवतो.

हातातलं काम उरकून काट्याला थोडी सवड होती. कोपऱ्यात एका मोडीत काढलेल्या ब्लॉकचा करवतीने कापलेला तुकडा पडला होता. सहज म्हणून त्याने तो व्हर्नियरमध्ये धरला. बरोबर आठ मिलिमीटर. मग मीटर टेकवला. दहा पॉइंट दोन.

त्याने मीटर पुसला, तुकडा पुसला, पुन्हा टेकवला. दहा पॉइंट दोन. त्याने मीटरची बटणं दाबून आतली यादी उघडली. धातू या शब्दापुढे लिहिलं होतं: पोलाद.

काटा स्टुलावर बसला. ब्लॉक पोलादाचा नसतो, बिडाचा असतो, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडातून आवाज सावकाश जातो. प्रतिध्वनी उशिरा येतो, आणि पोलादावर लावलेल्या मीटरला वाटतं की भिंत जाड आहे. हे त्याला शिकाऊ असल्यापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर त्याने त्याची दहा जणांत बिनपाण्याने केली असती. आणि हाच मीटर, याच टाकीवाल्याकडून, त्याने सात महिन्यांपूर्वी मागून आणला होता. मेहुण्याच्या इंजिनासाठी.

कपाटातून त्याने तो कागद काढला. आठ सिलिंडर, प्रत्येकाच्या चार बाजू, बत्तीस आकडे, सगळे त्याच्या टपोऱ्या अक्षरात. सहाव्या सिलिंडरची ज्या बाजूला पिस्टन रेटा देतो ती बाजू: पाच पॉइंट सहा. त्यातून कापायचे दीड. उरणार चार पॉइंट एक. चारच्या खाली जायचं नाही हा त्याचा नियम, म्हणून पुढे लाल पेनाने लिहिलं होतं, "चालेल." बोअर केल्यावर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केल्यावर, एकदा जरी पुन्हा मोजलं असतं तरी आकडे जुळले नसते आणि गोष्ट तिथेच उघडी पडली असती. पण मीटर परत करायचा होता, आणि पाच पॉइंट सहातून दीड वजा करायला मीटर कशाला लागतो? तिसऱ्यांदा मोजणाऱ्या माणसाने त्या दिवशी वजाबाकीवर भागवलं.

आता त्याने पुन्हा हिशेब केला. पाच पॉइंट सहा म्हणजे खरे चार पॉइंट चार. दीड गेले. उरले दोन पॉइंट नऊ. आणि त्या भिंतीवर आठशे घोड्यांचं इंजिन गेले पाच आठवडे चालत होतं, येत्या रविवारी ते शर्यतीला उतरणार होतं, आणि ते चालवणारा त्याच्या बायकोचा एकुलता एक भाऊ होता.

ही गाडी म्हणजे एक मोठं प्रकरण होतं. दोन दारांची, लांब नाकाची, सासऱ्यांच्या तरुणपणातली. सासरे गेले आणि ती मेहुण्याकडे आली. तिच्यात मोठं इंजिन घालायचं, चारशे मीटरच्या सरळ शर्यतीत पळवायची, जिला ड्रॅग म्हणतात, आणि तीच गाडी सोमवारी पोरीला शाळेत सोडायला न्यायची, हे त्याचं स्वप्न. सहा वर्षांपूर्वी, घरचीच वीस माणसं जेवायला बसलेली असताना, काटा त्याला म्हणाला होता, "एक तर शर्यत कर नाही तर भाजी आण. दोन्ही करणारं इंजिन मी बनवत नाही, आणि दुसरा बनवेल तो गाढव असेल." लोक हसले. मेहुणा ताटावरून उठला तो पाच वर्षं या घरात आला नाही.

बायको त्यावर एकदाही भांडली नाही. ती मागच्या पायरीवर बसून भावाशी फोनवर बोलायची आणि आत येऊन कामाला लागायची. आईवडील गेलेले; माहेर म्हणून जे काही होतं ते तो एकटा. शेवटी गेल्या वर्षी एकदा, चादरींच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "माझ्यासाठी कराल का?" काय ते विचारायची गरज नव्हती.

आणि मग काट्याने ते असं केलं की बस्स. ब्लॉकवर हेडऐवजी, म्हणजे वरच्या झाकणाऐवजी, जाड लोखंडी पाट आवळून बोअर केला, म्हणजे नंतर हेड आवळल्यावर सिलिंडर जसा ताणला जाईल तसाच तो कापतानाही ताणलेला असेल. एकशे आठचा बोअर एकशे अकरा झाला. पिस्टन मापाने बनवून घेतले, पिस्टनवरच्या रिंगांची फट एकेक करून कानशीने घासली. मेहुणा दर शनिवारी यायचा. आधी गुमान उभा राहायचा, मग विचारू लागला, मग जेवायला थांबू लागला. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा समोरच्या दुकानाच्या काचा थरथरल्या आणि मेहुण्याने दाजींना मिठी मारली. दारात उभी असलेली बायको रडत होती. सिग्नलला गाडी शांत उभी राहायची, तापायची नाही, आणि पाय दाबला की माणूस सीटला चिकटायचा. आता मेहुणा सगळ्यांना सांगत फिरायचा, "दाजींनी बनवलंय. काट्याने."

तर हे सगळं एका बाजूला, आणि दोन पॉइंट नऊ दुसऱ्या बाजूला. अशी भिंत पूर्ण ताकदीच्या रेट्याने तडकते तेव्हा काय होतं हे काट्याने एकदा पाहिलं होतं. पाणी सिलिंडरमध्ये येतं, पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा दांडा वाकतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेल पडतं ते मागच्याच चाकांखाली. त्या गाडीचा वेग तेव्हा दोनशे होता. चालवणारा वाचला, पण पुन्हा धड चालला नाही.

सांगायला हवं होतं. त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. त्याने फोन हातात घेतला, आणि मग त्याला वाटलं, आधी नीट खात्री करू. पाच आठवडे चाललंच आहे की. चाचणीच्या स्टँडवरही टिकलं. तीन मिलिमीटरवर चालवणारेही आहेत म्हणतात. कोण म्हणतं ते त्याला आठवेना. टाकीवाला दुपारी मीटर न्यायला आला तेव्हा काट्याने गिऱ्हाइकाचा ब्लॉक बिडावर लावून मोजून घेतला होता आणि यादीत पुन्हा पोलाद लावून ठेवलं होतं.

"काय रे, तोंड का उतरलंय?" टाकीवाल्याने विचारलं.

"झोप नाही झाली."

"तुझी झोपसुद्धा मोजून असेल," टाकीवाला म्हणाला आणि मीटर पिशवीत टाकून गेला.

गुरुवारी दुपारी जेवताना बायको फार खुशीत होती. रविवारी सकाळी सहाला निघायचं, दोन तासांचा रस्ता, तिने सगळं ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही हत्यारं घेऊन टेम्पोतून या मागून. मी त्याच्याबरोबर बसणार आहे, बाबांच्या गाडीत. लहानपणी मागे बसायचे, पुढे बसायला कधी मिळालंच नाही."

काट्याने पाण्याचा पेला पुढे ओढला. तो पाणी प्यायला.

"टेम्पोत पण जागा आहे," तो म्हणाला.

"टेम्पोत काय बसायचं? तुम्हाला ना, कशाचंच कौतुक नाही."

त्या क्षणी सांगितलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण ती ताटं उचलायला उठली, काहीतरी गुणगुणत होती, आणि हा मूग गिळून बसला. महामार्गावर मेहुणा काही पूर्ण जोर लावणार नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. शर्यतीत ती गाडीत नसेलच. आणि मग त्याला स्वतःचीच शिसारी आली, कारण शर्यतीत गाडीत कोण असेल याचं उत्तर तो टाळत होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो मेहुण्याच्या घरी गेला, सांगायचं असं ठरवूनच गेला. मेहुणा गाडी पुसत होता. आठ वर्षांची पोर स्टीअरिंगमागे बसून तोंडाने आवाज काढत होती.

"दाजी, या. शाळेत हिला सगळे विचारतात म्हणे, तुझ्या गाडीचा आवाज असा का," मेहुणा म्हणाला. "ही सांगते, माझ्या मामांनी बनवलंय. मी म्हटलं, अगं मामा नव्हे, आत्याचे यजमान."

काटा हसला. मग म्हणाला, "मी जरा बघून घेतो. पाणी देतोस का प्यायला?"

मेहुणा आत गेला. बॉनेट उघडंच होतं. बाजूच्या पत्र्यावर लिमिटरची छोटी पेटी होती. इंजिनाचे फेरे ठरलेल्या आकड्यावर गेले की ती इंजिन आवरते. आकडा लावायला तिच्यावर दोन बारीक चकत्या असतात. त्या सात हजारांवर होत्या. काट्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्या साडेपाचवर आणल्या. दहा सेकंदांचं काम. फेरे बांधले म्हणजे ताण बांधला, असं त्याने मनाशी म्हटलं. ते अर्धंमुर्धंच खरं होतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मेहुणा शर्यत हरेल, दाजींना दोन शब्द ऐकवेल, मग इंजिन ट्यूनिंगला म्हणून परत आणायचं आणि गुपचूप काहीतरी करायचं. काय करायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. पाणी पिऊन तो निघाला. पोरीने हात हलवला.

शनिवारी अकरा वाजता मेहुण्याचा फोन आला. काटा घरीच होता, हत्यारांची पेटी भरत होता. बायको शेजारीच उभी होती.

"दाजी, काळजीचं काही नाही हं. गोदामांच्या मागच्या रस्त्यावर आणली होती चाचणीला. साडेपाचच्या वर घेतच नव्हती, अडखळायची. म्हटलं पेट्रोलातच काही आहे की काय. पण ती लिमिटरची पेटीच खराब निघाली. काढूनच टाकली मी. आता सात काय, साडेसात घेते. तीनदा ओढली. ताईला सांगा, काय पळते."

काट्याने पाना खाली ठेवला. "बंद कर गाडी," तो म्हणाला.

"काय?"

"इंजिन बंद कर. पुन्हा चालू करू नकोस. तिथेच थांब, मी येतोय."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता चपला घातल्या.

गोदामांच्या मागे रस्ता लांबलचक आणि रिकामा होता. गाडी कडेला उभी होती, बॉनेटमधून उष्ण हवा वर येत होती. मेहुणा हातात लिमिटरची पेटी घेऊन उभा होता. काट्याने सगळं सांगितलं. पोलाद, बीड, पाच पॉइंट सहा, दीड, दोन पॉइंट नऊ. एखाद्या गिऱ्हाइकाला आकडे वाचून दाखवावेत तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात त्याला ते जमलंच नसतं.

मेहुणा गाडीकडे वळला. "पोरीला रोज नेतो मी यातून," तो म्हणाला. मग हातातली पेटी उलटी-सुलटी करत म्हणाला, "आणि ही? ही खराब नव्हती तर."

"नव्हती."

"मी पाणी आणायला गेलो तेव्हा."

"हो."

"दाजी, मोजण्यात चूक झाली, मी समजू शकतो. बाबांची गाडी आहे, तरीसुद्धा म्हटलं असतं, होतं असं. पण तुम्ही माझ्याकडे पाणी मागितलंत आणि मागे हे केलंत. सकाळी तीनदा ओढली मी. तुमच्यावर भरवसा ठेवून."

 बायको पुढे आली. तिने विचारलं, "कळलं कधी तुम्हाला?"

"बुधवारी."

"मी गुरुवारी म्हणाले, मी या गाडीत बसणार."

"हो."

तिने मान हलवली. एखादं सामान आणायचं राहिलं असं कळल्यावर हलवावी तशी. मग भावाला म्हणाली, "ढकलत न्यावी लागेल का रे?"

रविवारी शर्यतीला कुणी गेलं नाही. गाडी वर्कशॉपमध्ये ओढून आणली होती. मेहुणा आणि काटा न बोलता हेड उतरवत होते. नटबोल्ट आवळायचे-सोडायचे असले की माणसांना बोलावं लागत नाही, हे एक बरं असतं. बायको सकाळीच येऊन बसली होती. ती म्हणाली होती, "मोजा. माझ्यासमोर मोजा." टाकीवाल्याने मीटर आणून दिला, काय झालं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच काही थट्टा न करता निघून गेला.

सहावा पिस्टन खाली घेतला. काट्याने मीटर बिडावर लावला, कापलेल्या तुकड्यावर तपासला, आठ. मग भिंतीला टेकवला आणि मीटरचा पडदा बायकोकडे वळवला. आज त्याला ते स्वतःच्या डोळ्यांवर सोपवायचं नव्हतं.

"दोन पॉइंट आठ," ती वाचून म्हणाली.

मेहुण्याने भिंतीवर तडा दाखवणारा लाल रंग मारला, थांबला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. तडा असता तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. तिघं वाट बघत उभे राहिले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. पांढरं पांढरंच राहिलं.

"तडा नाही," मेहुणा म्हणाला. त्याने बॅटरीच्या उजेडात पुन्हा पाहिलं. "तीनदा साडेसातला नेऊन तडा नाही. कदाचित टिकलीही असती."

काट्याने श्वास सोडला.  भिंतीपेक्षाही त्याला बरं वाटलं ते आपण अगदीच चुकलो नव्हतो याचं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असणार. बायको त्याच्याकडेच बघत होती. पंचवीस वर्षं ती तो चेहरा बघत होती, आणि तिला त्यासाठी मीटर लागत नव्हता.

"टिकली असती तर," ती म्हणाली, "तुम्ही मला कधीच सांगितलं नसतं."

मेहुण्याने बॅटरी विझवली. काट्याला सांगितलं असतं म्हणायचं होतं. योग्य वेळ बघून सांगितलं असतं, इंजिन परत आल्यावर सांगितलं असतं. तो ते म्हणणारच होता. पण ती त्याच्यासमोर उभी होती, आणि त्याने मनातल्या मनात एकदा तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं. आकडा तोच येत होता.

"नसतं," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. बाकावरची पिशवी उचलली, त्यात फोन टाकला आणि भावाला म्हणाली, "चल. मी काही दिवस तुझ्याकडे येते."

"ताई, जरा थांब ना. दाजी..."

"चल म्हणते ना."

मेहुण्याने हात पुसले, काट्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्यामागे बाहेर गेला. त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. काटा दारापर्यंत गेला. तिचं माहेर तुटू नये म्हणून आपण गप्प राहिलो, असं तो चार दिवस स्वतःला सांगत होता. आता ती भावाच्या मागे बसून माहेरी निघाली होती, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.